ताडावरून उतरण्याची विद्या

गेल्या मार्चमध्ये बहिणीकडे डहाणूला गेलो होतो. भाच्याने सैन्यभरतीचे मनावर घेतलेले. पळण्यात पोरगा हरणासारखा, पण आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर न्यायची म्हटली की चौथ्या खेपेलाच पाय झाडू लागे. भरतीत निदान 6 खेपा लागतात. 10 काढल्या तर पुरे 40 गुण. रोज शंभर जोर मारणारा हा गडी इथेच का अडावा?

कारण साधे आहे. जोर मारताना आपण जमीन ढकलतो. त्याने छाती भरते, दंडाची मागची बाजू भरते. ओढण्याचे काम पाठीच्या रुंद स्नायूंचे, बेटकुळीचे आणि मुठीचे. त्यांना जोरांतून फारसे काही मिळत नाही. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक असावे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जीव दिला. पुढे वेताचा मल्लखांब आला आणि वेताच्या जागी सुती दोरी. त्या दोरीवर आज मुलीही सरसर चढतात. 2019 साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत परदेशची मंडळीही होती.

पण भाच्याला गुरू भेटला तो तलासरीच्या वाटेवर. पन्नाशीचे एक वारली गृहस्थ ताडावरून ताडीचे मडके घेऊन उतरत होते. पायांत दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि उतरण्याची कसलीही घाई नाही. त्या उंचीवरून हात सुटला तर पुढचे बोलायला नको. भाच्याने आपली अडचण सांगितली आणि जवळच्या आंब्याच्या फांदीला लटकून चार खेपा काढून दाखवल्या. काका हसले.

“पोरा, तू उतरतोस कुठे? तू तर पडतोस!”

वाचकहो, व्यायामशास्त्र निराळे काही सांगत नाही. स्नायू आखडताना जेवढे वजन उचलतो, त्याहून अधिक तो लांबताना पेलतो. म्हणून ज्याला एकदाही वर जाता येत नाही, त्यालाही सावकाश खाली येता येते. स्टुलावर चढावे, हनुवटी दांड्याच्या वर ठेवावी, पाय सोडावेत आणि मनात पाच अंक मोजत हात सरळ होईतो खाली यावे. चार-पाच वेळा पुरे, आणि मध्ये एक दिवस विश्रांती हवी. पहिल्या आठवड्यात भांग पाडायला हात वर जाणार नाही, त्याने घाबरू नये. ज्याला हेही जड वाटते त्याने वीस सेकंद नुसते लटकावे. मूठ आधी तयार होते. खांदा दुखरा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून दांड्याच्या वाटेस जाऊ नये. आणि दांडा भिंतीत पक्का बसवा. दाराच्या चौकटीत नुसता अडकवलेला दांडा एकदा माझ्यासकट खाली आला आहे.

हो, मीही सुरू केले. साठीच्या घरात अर्धा मिनिट लटकतो, त्याउपर नाही. आमच्या सौ.नी त्या दांड्यावर पंचे वाळत घालायला सुरुवात केली आहे, त्यामुळे आधी पंचे काढावे लागतात.

भाचा जूनमध्ये सहावर आला. परवा त्याचा फोन होता: “मामा, नऊ!” दहावी खेप अर्ध्यावर थांबते म्हणाला. मेळावा दिवाळीनंतर आहे.