पालीचे पथ्य आणि घरातले बाळ

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री डॅलसहून पुतणीचा फोन आला. तिला सातवा महिना लागलेला. रक्तदाब, साखर, पायावरची सूज असे काहीतरी विचारेल असे वाटले. पण प्रश्न भलताच निघाला. ‘काका, आमची पाल आठ दिवस नीट खात नाही. काय करू?’

भिंतीवर पाल दिसली की झाडू शोधणाऱ्या घरातली ही मुलगी. तिने पालीच्या भुकेची काळजी करावी, याचे आधी हसू आले. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी ‘लेपर्ड गेको’ पाळली आहे. पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके असलेली, वीतभर लांबीची ही पाल अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ घरांत पाळतात. मी माणसांचा डॉक्टर. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे ने, एवढेच सांगितले. मात्र फोन ठेवल्यावर माझ्याच मनात पाल चुकचुकली. दोन महिन्यांनी त्या घरात तान्हे बाळ येणार होते.

हा प्राणी मूळचा आपल्याच बाजूचा. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ प्रदेशात तो राहतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची एक चुलतबहीण महाराष्ट्र आणि गुजरातेत आढळते, तर सातपुड्यातल्या आणखी एका प्रजातीची नोंद झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली केली. आपल्या घरातल्या पालीपेक्षा हिचे दोन गुण वेगळे. हिला उघडमीट करणाऱ्या पापण्या असतात आणि पायाला चिकटगाद्या नसल्याने ती काचेवर चढू शकत नाही. विषारी ती मुळीच नाही. तरीही गावाकडे विषारी समजून अशा पाली मारल्या जातात, हे दुर्दैव.

पशुवैद्याने तपासले तेव्हा दोष पालीत नव्हता, पेटीत होता. पेटीखालची उष्णता देणारी चटई बंद पडली होती. पालीला स्वतःची शरीराची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर पोटात गेलेले पचत नाही आणि भूकही मरते. म्हणून पेटीची एक बाजू साधारण ३१ ते ३४ अंश सेल्सियस आणि दुसरी २५ अंशांच्या आसपास ठेवतात. पाल आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. उष्णतेवर थर्मोस्टॅट नसेल तर पोट भाजते. शिवाय एक ओलसर बीळही लागते. तिथे तिची कात नीट निघते. सुकलेली कात बोटांभोवती आवळून राहिली तर रक्तपुरवठा थांबून बोट झडते.

खाण्याचे नियम तर आमच्या आहारतज्ज्ञांनी सांगावेत इतके काटेकोर. ही पाल फक्त जिवंत किडे खाते. फळे, भाज्या, भात तिच्या कामाचे नाहीत. रातकिडे, पाळलेली झुरळे आणि मीलवर्म म्हणजे धान्यातल्या भुंगेऱ्याच्या अळ्या हे तिचे रोजचे जेवण. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. पिल्लांना रोज, मोठ्यांना दोन-तीन दिवसांआड खायला घालतात. मधाच्या पोळ्यावर पडणाऱ्या पतंगाच्या अळ्या तिला फार आवडतात, पण त्या निव्वळ चरबी. त्या म्हणजे सणाची जिलेबी, रोजची पोळी नव्हे. ती चरबी शेपटीत साठवते. भरदार शेपटी ही तब्येतीची खूण खरी, पण लाडाने लठ्ठ झालेल्या पालीचे यकृत बिघडते.

खरी मेख कॅल्शियमची. किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असते. नुसते किडे घातले तर रक्तातली पातळी सांभाळण्यासाठी शरीर हाडांमधले कॅल्शियम काढून घेते. हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा लवचिक होतो. आमच्या बालरोग विभागात वाकलेल्या पायांचे मुडदुसाचे मूल येते, त्याचाच हा भाऊबंद. उपाय सोपा आहे. किड्यांना आदल्या दिवशी हिरवा पाला, गाजर असे सकस खाऊ घालायचे आणि पालीपुढे टाकण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. ड जीवनसत्त्व मात्र बेताने, कारण तेही जास्त झाले तर अपाय करते. अंगणातले किडे नकोत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. काजवा तर नकोच. त्याच्यातले विष पाळीव सरड्यांना मारक ठरल्याचे नोंदले गेले आहे.

इथवर पालीचे पथ्य झाले. आता माणसांचे.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जंतू सहज राहतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण विष्ठेतून जंतू पडतात आणि कातडीवर, पेटीत, पाण्याच्या वाटीत पसरतात. निरोगी मोठ्या माणसाला त्यांच्यामुळे चार दिवस जुलाब होतील. तान्ह्या बाळात हेच जंतू रक्तात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. विशेष म्हणजे बाळाने पालीला हात लावावा लागत नाही. पेटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतली, त्याच सिंकमध्ये दुधाची बाटली धुतली, एवढे पुरते. पालीला प्रतिजैविके देऊन जंतू कायमचे जात नाहीत, उलट औषधांना न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका वाढतो.

म्हणूनच अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते की पाच वर्षांखालची मुले, पासष्टच्या वरची माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी असे प्राणी हाताळू नयेत आणि लहान मुले असलेल्या घरात ते ठेवू नयेत. हा बागुलबुवा नाही. चिमुकल्या कासवांमुळे मुलांना साल्मोनेलाची लागण होते हे दिसल्यावर त्या देशाने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद केली.

हे सारे मी पुतणीला सांगितले. ती गप्प झाली. मग फोन मुलाच्या हातात गेला. ‘आजोबा, मी रोज हात धुतो. तरी तिला द्यायची?’ खोटा दिलासा देणे मला जमले नाही. तू हात धुतोस हे छान, पण बाळाचा धोका त्याने संपत नाही, असे सांगितले. ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते, म्हणजे ती तुझ्या हयातीत दुसऱ्या घरी सुखाने वाढेल, हेही सांगितले. शेवटी त्याच्या वर्गमित्राचे घर ठरले. तिथे लहान मूल नाही, म्हातारे कोणी नाही. निरोप देताना मुलाने एक वही सोबत दिली. किती वाजता, किती किडे, कुठली भुकटी, पेटी कुठे धुवायची आणि कुठे नाही. पानभर मोठ्या अक्षरांत ‘हात धुवा’ असे लिहिलेले. माझ्या वॉर्डातल्या डिस्चार्ज कार्डावरही इतक्या स्पष्ट सूचना नसतात.

आपल्याकडे हा विषय परका वाटेल. तसा तो नाही. दुधात पाल पडली तर ते फेकून द्यावे, हे आजी सांगायची. पालीत विष असते हे तिचे कारण चुकीचे होते, पण दूध फेकणे बरोबरच होते. भिंतीवरच्या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला सापडतो. पंचांगातले पल्लीपतनाचे फळ पाहण्यापेक्षा ओटा पुसणे आणि दूध झाकणे अधिक उपयोगाचे.

शहरांत वेगळे प्राणी पाळण्याची हौस वाढते आहे. तिला माझा विरोध नाही. जिवाची काळजी घ्यायला शिकणे हे मुलासाठी मोठे शिक्षण आहे. पण प्राणी आणण्याआधी घरातली माणसे मोजावीत. तान्हे मूल, वृद्ध, केमोथेरपी घेणारे कोणी असेल तर थांबावे. हा प्राणी वीस वर्षे सांभाळणार कोण, जवळपास त्याचा पशुवैद्य आहे का, हे आधी ठरवावे. रानातून पकडलेली पाल कधीही आणू नये, आणि विकत घेण्याआधी ती पाळणे कायद्यात बसते का, हे वन विभागाला विचारावे.

आणि एक सूचना आम्हा डॉक्टरांसाठी. जुलाबाने मलूल झालेल्या बाळाच्या आईला आम्ही पाणी उकळता का, बाटलीने दूध पाजता का, हे विचारतो. घरात कोणता प्राणी आहे, हे क्वचितच विचारतो. मीही विचारत नव्हतो. त्या फोननंतर विचारू लागलो आहे.