देशोदेशीची जनावरे : पाऊण मणाचा मानकरी

वाचकहो, लामा म्हटले की डोळ्यांपुढे तिबेटातले बौद्ध धर्मगुरू येतात. आजचा आपला लामा मात्र चार पायांचा आहे. दोघांचा नावापलीकडे काही संबंध नाही. हा राहतो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. पेरू आणि बोलिव्हिया हे त्याचे मुख्य मुलूख. कुळ उंटाचे, पण पाठीवर मदार नाही. मान लांब, कान टोकदार, वरचा ओठ मधोमध फाटलेला आणि अंगावर दाट लोकर. डोक्यापर्यंत उंची साडेपाच-सहा फूट, वजन सव्वाशे ते दोनशे किलो.

तिथल्या लोकांनी ग्वानाको नावाच्या रानटी जनावराला सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवले, त्याचाच हा लामा झाला. वस्ती समुद्रसपाटीपासून बारा ते चौदा हजार फुटांवर. आपले कळसूबाई ५,४०० फुटांचे, यावरून कल्पना करा. एवढ्या उंचावर हवा विरळ. नवख्या माणसाला दोन पावले चालताच धाप लागते. लामाच्या रक्ताची घडण मात्र अशी की विरळ हवेतला प्राणवायूही ते चटकन धरून ठेवते. झाडझाडोरा नाही, रात्री पाणी गोठते, गवत राठ. तेच गवत खाऊन तो रवंथ करीत बसतो. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. ती बहुधा सकाळच्या वेळी विते, म्हणजे रात्रीची थंडी पडायच्या आत पिल्लू वाळून उभे राहते!

स्पॅनिश लोक १५३२ साली पेरूवर चालून आले, तोवर त्या मुलखात बैल नव्हता, घोडा नव्हता, गाडीचे चाकही नव्हते. ओझ्याचे जनावर एकच, लामा. आणि त्याची ताकद तरी किती? लांबच्या वाटेवर पंचवीस-तीस किलो, म्हणजे जेमतेम पाऊण मण. गाढवसुद्धा याहून जास्त वाहते. ओझे जास्त झाले की लामा सरळ फतकल मारून बसतो. मारा, ओढा, तो हलायचा नाही. फारच डिवचले तर पोटातला हिरवा रवंथ अंगावर थुंकतो. म्हणून तिथला धनी एकावर दोघांचे ओझे लादत नाही, जनावरेच जास्त घेतो.

आपल्याकडे पूर्वी लमाणांचे बैलांचे तांडे मीठ घेऊन हिंडत, तसेच हे तांडे. पुढच्या लामाच्या गळ्यात घंटा, कानांत रंगीत लोकरीचे गोंडे. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरातून मिठाच्या लाद्या घेऊन ते खालच्या खोऱ्यात उतरत आणि बदल्यात मका घेऊन वर येत. ज्या गोणीत माल भरायचा ती लामाच्याच लोकरीची, बांधायचा दोरही तिचाच. पायाला खूर नाहीत, मऊ गादी आहे, त्यामुळे डोंगरातली वाट उखडत नाही.

शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट त्याच्या लेंड्यांची. सगळा कळप ठरलेल्या एकाच जागी घाण करतो, त्यामुळे खत आयते गोळा होते. लाकूडफाटा नाही तिथे वाळलेल्या लेंड्यांवर चूल पेटते आणि बटाट्याच्या वावरालाही तेच खत. कुझ्को भागातल्या एका तळ्याच्या गाळाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २,७०० वर्षांपूर्वी त्या उंचीवर मका पिकू लागला, त्याच सुमारास शेणावर जगणाऱ्या बारीक किड्यांचे अवशेष गाळात एकदम वाढलेले आढळले. अभ्यासकांचे म्हणणे असे, की लामाच्या खताच्या जोरावर तिथे मका उभा राहिला. धनगराच्या मेंढ्या वावरात बसवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये.

पुढे डोंगरात सडका झाल्या, मालमोटारी आल्या आणि तांडे मोडत गेले. नुसत्या ओझ्यावर हिशेब केला असता तर लामा तेव्हाच संपायचा. पण लोकर, खत आणि उन्हाथंडीत वाळवून टिकवलेले मांस यांसाठी तिथल्या कुटुंबांनी तो राखला. उत्तर अमेरिकेत तर काही मेंढपाळ कळपात एक खच्ची केलेला लामा सोडतात. कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीचा कोयोट दिसला की तो ओरडून धावून जातो. शिवाय उंटाच्या कुळातल्या जनावरांच्या रक्तात रोगाशी लढणारी अगदी लहान, साध्या घडणीची प्रतिद्रव्ये असतात. बेल्जियममधला हा शोध १९९३ साली प्रसिद्ध झाला. तशा प्रतिद्रव्यापासून केलेल्या, रक्ताच्या एका दुर्मीळ आजारावरच्या औषधाला २०१८ साली युरोपात परवानगी मिळाली.

तांडे मोडले त्याच दिवशी कळप विकून टाकले असते, तर यातले काय हाती राहिले असते? गोठ्यातले एखादे देशी जनावर दूध कमी देते किंवा ओढकामाला लागत नाही म्हणून बाजार दाखवण्याआधी त्याचे खत, त्याची काटकता आणि आपल्या हवेत टिकण्याचा गुण हेही एकदा मांडून पाहावे.

पुढच्या अंकी हिमालयातला याक.