फ्लॉपी गेली, प्रश्न वेगळाच आहे
जपान सरकारने 2024 मध्ये फ्लॉपी डिस्कची सक्ती करणारे हजारावर नियम रद्द केले, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांनी ती बातमी मला हसत हसत पाठवली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. टोकियोतल्या आमच्या वॉर्ड ऑफिसात कारकून अजूनही अर्जावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतो, शिक्का मारतो, दोन्ही हातांनी कागद परत देतो. आणि काम एका खेपेत होतं. काळजी वाटावी अशी बातमी दुसरीच आहे. जुलै 2025 मध्ये वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘आधी जपानी’ म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने 14 जागा जिंकल्या. ज्या देशात पासष्टी गाठलेले तीस टक्क्यांच्या आसपास आहेत, तिथे रात्री दोन वाजता दुकानाच्या गल्ल्यावर नेपाळी मुलगा उभा असतो, आजीबाईंना भरवायला व्हिएतनामी मुलगी असते. एआय आणि यंत्रमानव त्यांची जागा घेतील, हे मला अजिबात पटत नाही. याच टोकियोत, एदोगावा वॉर्डाच्या सभेवर, जपानी नागरिकत्व घेतलेले आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये निवडून आले. परदेशी नागरिकांना इथे मताधिकारच नाही. म्हणजे त्यांना निवडलं ते जपानी मतदारांनीच. तो शेजारधर्म अजून शाबूत आहे, म्हणून मी निराश नाही. पण मुंबईत भाषेवरून एखाद्या गरीब दुकानदाराच्या थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ इथे येतो, तेव्हा जीव तुटतो. वाचकहो, मराठीचा आग्रह जरूर धरा, पण हात उगारू नका. आम्हीही कुठेतरी परप्रांतीयच आहोत.