हेरोडियनचा फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा

परवापासून तोच फोटो चार ग्रुपवर आलाय. अथेन्स. अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याचं हेरोडियन थिएटर, गच्च भरलेल्या पायऱ्या, वर उजळलेला पार्थेनॉन. खाली ठरलेली ओळ: संस्कृती कशी जपावी ते ग्रीकांकडून शिका!

फोटो सुंदर आहे, वादच नाही. मीही त्या पायऱ्यांवर बसून आलोय. पाठ मोडली, पण उठवत नव्हतं. मात्र शिकायचंच असेल तर धडा पूर्ण वाचा. दगड जपले की संस्कृती जपली, हे मला मान्य नाही. खुद्द अथेन्सच्या कलाकारांनाही नाही.

अथेन्स-एपिडॉरस महोत्सव 1955 पासूनचा. वर्षानुवर्षं तो म्हणजे प्राचीन थिएटर, मोठी नावं आणि उन्हाळ्यातले पर्यटक. 2006 मध्ये यॉर्गोस लूकोस यांनी तो पिरेओस रस्त्यावरच्या जुन्या कारखान्यात नेला. 'पिरेओस 260' म्हणतात त्याला. तिथे बाहेरचे दिग्गज आले आणि ग्रीसमधल्या नव्या मंडळींनाही जागा मिळाली. म्हणजे पाहुणे आले की घरच्यांनी उपाशीच राहायचं, असं काही नसतं.

पुढे 2016 मध्ये सरकारने बेल्जियमच्या यान फाब्र यांना महोत्सवाच्या प्रमुखपदी आणलं. त्यांनी पहिलं वर्ष जवळपास बेल्जियमलाच वाहून टाकलं. ग्रीक रंगकर्मी भडकले, सभा घेतली, राजीनामा मागितला. 2 एप्रिलला फाब्र गेले.

तेव्हा काही शहाणे म्हणाले, किती हो संकुचित हे लोक! संकुचित? देश मंदीत, नाट्यसंस्थांची सरकारी अनुदानं बंद, लोक जमेल तसं नाटक करतायत. आणि त्याच जनतेच्या पैशांवरच्या महोत्सवात त्यांनी प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजवायच्या? त्यांचं भांडण पाहुण्याशी नव्हतं. स्वतःच्या घरात उंबऱ्याबाहेर उभं राहायला त्यांनी नकार दिला, एवढंच.

पुढच्या वर्षी जर्मनीतल्या कासेलचं प्रसिद्ध कलाप्रदर्शन 'डॉक्युमेंटा' अथेन्समध्ये भरलं. ब्रीद काय, तर 'अथेन्सकडून शिकूया'. 8 एप्रिलला सुरू, 16 जुलैला गाशा गुंडाळला. शिकायला आलेल्यांनी शहराच्या पदरात काय टाकलं, यावर तिथे बरीच भांडणं झाली. व्हायलाच हवी होती.

आता खरा मुद्दा. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने 85 क्रमांकाचा अध्यादेश काढला. सरकारी नोकरीसाठी नाट्य आणि नृत्यशाळांच्या पदविका शालेय शिक्षणाच्या पातळीवर धरल्या. तीन वर्षं घाम गाळून शिकलेला नट कागदावर फक्त शाळा पास! 2023 च्या सुरुवातीला विद्यार्थी, नट, नर्तक, संगीतकार रस्त्यावर उतरले. राष्ट्रीय रंगभूमीच्या इमारतीत ठिय्या दिला.

सरकारचं उत्तर काय? आम्ही नवीन काही केलं नाही, पूर्वीपासून होतं तेच लिहिलं. अहो, मग तर जास्तच वाईट! सॉफोक्लिसच्या नावावर जगभरचे पर्यटक बोलवायचे आणि आज त्याचे संवाद बोलणाऱ्याला पदवीच्या लायकीचा धरायचं नाही, हे इतकी वर्षं चालत होतं आणि कुणाला खटकलं नाही?

म्हणून म्हणतो, अथेन्सकडून शिकण्यासारखं नक्की आहे. पण ते फोटोत नाही. ते त्या ठिय्यात आहे. महोत्सव कुणासाठी, त्यात कुणाला जागा, कामाचे पैसे आणि किंमत किती, हे प्रश्न तिथल्या कलाकारांनी भर चौकात विचारले. दरवेळी जिंकले नाहीत, पण गप्पही बसले नाहीत.

आपल्याकडे पुढच्या महोत्सवाचा मांडव पडेल तेव्हा पाहुण्यांची यादी वाचण्याआधी एवढंच विचारा. गावातल्या किती जणांना मंच मिळाला? तालमीला जागा कुणी दिली? मानधन वेळेवर पोचलं का?

उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका. मग तो फोटो मीही आनंदाने फॉरवर्ड करीन.