रुस्तम नेमका कुणाचा?

ताजिकिस्तानात सरकारने लोकांच्या नावांची झडती घ्यायला सुरुवात केली त्याला बरीच वर्षं झाली. २००७ साली राष्ट्राध्यक्ष इमोमाली रहमोनोव यांनी आडनावातला रशियन 'ओव' काढला आणि ते नुसते रहमोन झाले. स्वतःचं नाव, स्वतःची मर्जी. पण २०१६ मध्ये कायदाच बदलला. नवजात बाळांच्या आडनावाला 'ओव', 'एव' लावायला बंदी, नावाला 'मुल्ला', 'खलिफा' जोडायलाही बंदी. नाव कसं, तर ताजिक संस्कृतीला शोभणारं हवं.

राष्ट्राध्यक्षांच्या थोरल्या मुलाचं नाव रुस्तम. अगदी अस्सल ताजिक! पण याच नावाचा माग काढा, अस्सलपणाचा सगळा हिशेब फिसकटतो.

रुस्तम हे नाव इस्लामच्याही आधीचं, प्राचीन इराणी. त्यातला 'तम' म्हणजे मूळचा 'तख्म', बलवान. फिरदौसीने 'शाहनामा' पूर्ण केला १०१० च्या सुमारास, पण आजच्या ताजिकिस्तानातल्या पंजिकेंतला रुस्तम आठव्या शतकातच सोग्दी लोकांच्या घरात भिंतीवर रंगवलेला आहे.

'शाहनाम्या'त हा वीर जन्मभर लढतो तुराणशी. तुराण म्हणजे तुर्कांचा मुलूख, असं पुढे मानलं गेलं. आणि आज तुर्की कुळातली भाषा बोलणारे उझबेकही पोरांची नावं हौसेने रुस्तम ठेवतात! २००४ चा फिडे जगज्जेता आणि नंतर आपल्या विश्वनाथन आनंदचा मदतनीस झालेला रुस्तम कासिमजानोव उझबेकिस्तानचाच.

आपल्याकडे पारशी रुस्तमजी आहेत. कोल्हापूरजवळ शिवरायांशी लढलेला आदिलशाही सरदार रुस्तुमेजमान आहे. कुस्तीत 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब आहे. 'छुपा रुस्तम' तर आपण रोज म्हणतो, तेव्हा कुणी त्याचा धर्म विचारत नाही. पण त्याच नावाचा माणूस भाड्याने घर बघायला आला की लगेच चौकशी सुरू: "म्हणजे नेमके कोण तुम्ही?"

तिकडे सरकार नावं गाळून घेतंय, इकडे आपण नावावरून माणसं गाळतोय. फरक फक्त चाळणीचा.

'शाहनाम्या'त सोहराब समोरच्या योद्ध्याला विचारतो, तू रुस्तम का? रुस्तम नाव सांगत नाही. वार वर्मी बसल्यावर कळतं, समोरचा पोटचाच पोर. नाव असतं ते माणूस ओळखायला. ते सांगायचीच भीती वाटावी अशी वेळ आपण कुणावर आणतोय का, एवढं तरी बघूया.