कचरा म्हणून पुसण्याआधी

जुन्या फ्लॉप्यांवरचा मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर आणून द्यायचं काम मी करतो. येणाऱ्या बहुतेकांचं एकच मागणं असतं : ‘मधला कचरा काढा आणि साधा मजकूर द्या.’ माझा आग्रह उलटा आहे. मूळ फाइल आधी जशीच्या तशी उतरवून ठेवा आणि ती कोणत्या मशीनवर, कशात लिहिली हे कळेपर्यंत एक खूणही पुसू नका.

वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅमचंच घ्या. ऐंशीच्या दशकात सीपी/एम आणि डॉसवर लिहिणाऱ्या असंख्य लोकांचा मजकूर त्यात आहे. तो आज नोटपॅडमध्ये उघडला, की शब्दाशब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं. आस्की संकेतात इंग्रजी अक्षराला सात बिटं पुरतात. उरलेलं आठवं बिट वर्डस्टार स्वतःच्या खुणेसाठी वापरी, म्हणजे अक्षराच्या क्रमांकात १२८ ची भर पडे. लहान ‘ई’ १०१ चा २२९ होतो. यावरचा उपाय सगळ्यांना पाठ आहे : फाइलभर आठवं बिट उतरवायचं.

घात होतो तो इथेच. लिहिणाऱ्याने स्वतः एंटर दाबला असेल, तिथे फाइलीत १३ आणि १० हे क्रमांक असतात. ओळ भरली म्हणून वर्डस्टारने आपणहून तोडली असेल, तिथे १४१ आणि १०. आता १४१ मधून १२८ वजा करा : उरतात १३. सरसकट सफाई केली, की लेखकाने पाडलेला परिच्छेद आणि समासामुळे तुटलेली ओळ एकसारखी होऊन बसते. १४१-१० च्या जोड्या आधी काढून ओळी सांधायच्या आणि मगच बिट उतरवायचं, हा क्रम पाळलाच पाहिजे. गद्यात एकवेळ अंदाजाने परिच्छेद पुन्हा पाडता येतील. कवितेची ओळ कुठे संपली, हे अंदाजाने ठरवायचा अधिकार कोणालाच नाही.

ओळीच्या शेवटाचा एरवीचा घोळ किरकोळ आहे. कमोडोर ६४, ॲपल टू, बीबीसी मायक्रो नुसता १३ वापरत, डॉस १३-१० आणि युनिक्स नुसता १०. पण बीबीसी मायक्रोवर (संगणक-साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांतही ही मशीनं आली होती) पाउंडाचं चिन्ह ९६ क्रमांकावर असे आणि आस्कीत तिथे एक तिरका फटकारा आहे. हिशेबातले हे फटकारे कुणी घाण म्हणून झाडले, तर आकडे राहतात, चलन जातं.

मराठीत हे दुखणं आणखी खोल आहे. कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये लिहिलेला ‘विद्यार्थी’ फाइलीत असा असतो : लहान एफ, ओ, उभी रेघ, के, मोठा एफ, के, एच, मोठा झेड. टाइपरायटरच्या रिवाजाने वेलांटी ‘व’च्या आधी आणि रफार सगळ्यांत शेवटी. युनिकोडमध्ये ‘व’ आधी, वेलांटी नंतर आणि रफाराचा ‘र’ ‘थ’च्याही अलीकडे. कन्व्हर्टर ही उलटापालट बरी करतो, पण फॉन्ट कोणता हे त्याला कळायला हवं. दुसऱ्या फॉन्टमध्ये तोच एफ भलतंच अक्षर असू शकतो. फॉन्टचं नाव वर्डच्या फाइलीत असतं आणि ‘टेक्स्ट ओन्ली’ सेव्ह करताच उडतं. मग मजकुरात मधेच आलेलं इंग्रजी अवतरणही मराठी समजून बदललं जातं. साफ फाइल हवी म्हणणारा नेमकी हीच ओळख पुसायला सांगत असतो.

प्रकाशक, ग्रंथालयं, दिवाळी अंकांचे संपादक यांनी असं काम बाहेर देताना मूळ नकला परत मिळण्याची अट लेखी घालावी. १.४४ एमबीच्या हजार फ्लॉप्यांच्या नकला दीड जीबीत मावतात, तेव्हा जागेची सबब चालणार नाही. प्रत्येक नकलेसोबत मशीन, प्रोग्रॅम आणि फॉन्ट यांची नोंद ठेवावी. ती सांगू शकणारे लेखक आणि डीटीपी करणारे आज फोनवर भेटतात. त्यांना याच वर्षी विचारून घ्यावं.