गुणपत्रिका आणि गळा : कलाशिक्षणाच्या प्रवेशाविषयी काही विचार



मराठी नाटकाचा अभ्यास करताना आपण संगीत नाटकाचा कालखंड वाचता. नाटककारांची नावे, नाटकांचे विषय, पदांचे स्थान यांवर टिपणे काढता. मात्र आपल्यापैकी काहींच्या मनात आणखी एक प्रश्न असतो आणि तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. ‘मला संगीत नाटक केवळ वाचायचे नाही, ते करायचे आहे. माझे गुण पाहून मला कोण प्रवेश देईल?’ प्रस्तुत लेख या प्रश्नाला उद्देशून आहे.

परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. ती दिवसभर दुकानात काम करते आणि सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर येते. सप्ताहात ती गौळण म्हणू लागली की मंडपातील कुजबुज थांबते. बारावीला तिला जेमतेम पन्नास टक्के गुण मिळाले आहेत. तिला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला असा : ‘एवढ्या टक्क्यांत काय होणार? गाण्याचा नाद सोड.’ दुसरा सल्ला असा : ‘देवाने गळा दिला आहे, मग पदवी कशाला हवी?’ हे दोन्ही सल्ले आपुलकीने दिले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत, असे माझे मत आहे. ते का, हे पाहण्यासाठी प्रथम थोडे मागे जाऊ.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. तेथून पुढे सुमारे अर्धशतक नाटक मंडळी हेच संगीत नाटकाचे विद्यालय होते. या विद्यालयात टक्केवारी विचारली जात नसे. त्या काळातील तीन व्यक्ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर पदवीधर होते. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. १९११ साली भामिनी आणि १९१९ साली सिंधू रंगभूमीवर उभी करणारे बालगंधर्व हे शालेय शिक्षण फारसे न झालेले कलावंत होते. एकाच परंपरेच्या उभारणीत पदवीधर, अर्ध्यावर शिक्षण सुटलेला आणि शाळेत न रमलेला असे तिघे एकत्र आले. गुण आणि गुणवत्ता यांचे नाते सरळ रेषेचे नसते, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

तथापि या इतिहासाचा आधार घेऊन ‘पूर्वी हे सारे बरे होते’ असे म्हणण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, त्या वेळी मंडळीत प्रवेश कोणाला मिळू शकत होता? ज्याचा आवाज एखाद्या जाणकाराच्या कानावर पडला, ज्याच्यासाठी कोणी वजनदार माणसाने शब्द टाकला, ज्याला घर सोडून मंडळीबरोबर गावोगाव फिरता आले, अशा मुलाला. मुलीला तर नाहीच. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिकांनी पुढे ही चौकट मोडली, तेव्हा त्यांना मोठ्या धैर्याने उभे राहावे लागले. आपण कल्पिलेली ही जिंतूरची विद्यार्थिनी त्या काळात जन्मली असती, तर तिच्या गौळणीचे कौतुक मंडपाबाहेर गेले नसते. गुणपत्रिका हा रूक्ष कागद खरा, पण तो नाव, गाव आणि ओळख पाहत नाही. शिफारस करणारे ज्याला कोणी नाही, त्याच्या बाजूने तो उभा राहतो. म्हणून गुणांची सरसकट निंदा करणे मला अन्यायाचे वाटते.

मग गुणांचे योग्य स्थान कोणते? यासाठी दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावा : ‘पात्रता’ आणि ‘निवड’. अर्ज करण्याचा अधिकार कोणाला, हे पात्रता ठरवते. अर्ज करणाऱ्यांतून कोणाला घ्यायचे, हे निवड ठरवते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणात दोन्ही कामे बहुतांशी गुणांवरच चालतात. कलाशिक्षणात तसे होत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे उदाहरण घ्या. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या तीन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी उमेदवार कोणत्याही विषयाचा पदवीधर असावा लागतो आणि त्याने यापूर्वी नाटकांत काम केलेले असावे लागते. ही झाली पात्रता. निवड मात्र प्रत्यक्ष चाचणीतून आणि त्यानंतरच्या कार्यशाळेतून होते. पदवीला किती टक्के मिळाले, हा तेथे निर्णायक प्रश्न नसतो. पदवीच नसेल, तर मात्र चाचणीची वेळच येत नाही. अमेरिकेत संगीत रंगभूमीची पदवी देणाऱ्या अनेक विद्यापीठांतही विद्यार्थ्याला दोन दारांतून जावे लागते. एका दारात शैक्षणिक कामगिरी पाहिली जाते, दुसऱ्या दारात त्याला गाऊन, अभिनय करून आणि बहुधा नाचूनही दाखवावे लागते.

आपल्या परिसरातही हीच मांडणी थोड्याफार फरकाने आढळते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य हे तिन्ही विषय शिकवले जातात. संगीत नाटकाकडे जाऊ इच्छिणाऱ्याला आपल्याकडे बहुधा नाट्यशास्त्र किंवा संगीत यांपैकी एक वाट धरून दुसरीची पूर्तता स्वतः करावी लागते. प्रत्येक ठिकाणच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपासून घ्याव्यात. पण ‘टक्के कमी, म्हणून दार बंद’ असा निष्कर्ष माहितीपत्रक न वाचताच काढू नये.

येथे गुणांच्या बाजूने एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पुढे महाविद्यालयात संगीत किंवा नाट्यशास्त्र शिकवण्याची आपली इच्छा असेल, तर बहुधा राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते. तिच्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण अपेक्षित असतात. राखीव प्रवर्गांसाठी ही मर्यादा ५० टक्के आहे. म्हणजे नटाच्या वाटेवर ज्या गुणांना कोणी विचारत नाही, तेच गुण शिक्षकाच्या वाटेवर निर्णायक ठरतात. आपल्यापैकी ज्यांच्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे, त्यांना ही दुसरी वाट मोकळी ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

आता व्यवस्थेतील एका विसंगतीकडे आपले लक्ष वेधतो. आपल्या राज्यात दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीत, नृत्य, चित्रकला आणि लोककला यांतील प्रावीण्यासाठी वाढीव गुण देण्याची योजना आहे. हेतू स्तुत्य आहे. पण ते गुण पुढे कोठे खर्च होतात, ते पाहा. पुष्कळ विद्यार्थी संगीताच्या परीक्षा देतात, त्यांचे गुण एकूण टक्केवारीत मिळवतात, त्या टक्केवारीवर विज्ञान शाखेत प्रवेश घेतात आणि पेटी कापड टाकून कपाटावर ठेवतात. कलेचे गुण कलेतर शिक्षणाचे दार उघडतात, हा या योजनेचा प्रत्यक्ष परिणाम आहे. त्या मुलांना मी दोष देत नाही. प्रश्न वेगळा आहे. कलेच्या प्रावीण्याला आपण गुणांचे चलन बनवू शकतो, तर कलाशिक्षणाच्या प्रवेशात मंडपातल्या, देवळातल्या, जागरणातल्या अनुभवाला किंमत का देऊ नये? परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम यांची कला ज्या परंपरेत घडली, त्या परंपरेत निवेदन, गायन, संवाद आणि अभिनय हे सारे एकाच कलावंताकडून अपेक्षित असते. संगीत रंगभूमीला याहून वेगळे काय हवे असते? गोंधळ आणि भारूड यांच्या सादरीकरणाचा अनुभव हा ‘रंगभूमीचा अनुभव’ म्हणून प्रवेश अर्जात स्पष्टपणे ग्राह्य धरला जावा, अशी माझी पहिली अपेक्षा आहे.

दुसरी अपेक्षा चाचणीसंबंधी आहे. गुणांपेक्षा चाचणी अधिक न्याय्य, असे आपण सहज म्हणतो. परंतु चाचणीचाही एक खर्च असतो. जिंतूरला रेल्वे नाही. चाचणीसाठी दूरच्या शहरी जायचे तर परभणीपर्यंत एसटीने, तेथून पुढे गाडीने, एका दिवसाच्या चाचणीसाठी दोन रात्रींचा प्रवास, बुडालेली रोजंदारी आणि सोबत कोण येणार हा मुलींपुढचा नेहमीचा प्रश्न. शिवाय चाचणी घेणाऱ्याचा कान प्रमाण मराठीला सरावलेला असेल, तर मराठवाडी बोलीतील उत्तम स्वगत त्याला ‘अशुद्ध’ वाटण्याचा धोका असतो. म्हणून प्राथमिक चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी आणि कोणत्या बाबीला किती महत्त्व दिले जाणार, हे आधी लेखी जाहीर व्हावे. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर घेता येते, तर प्रवेशाची चाचणी का घेता येऊ नये?

या अपेक्षा पूर्ण होईपर्यंत आपण काय करावे? माझे पहिले सांगणे असे की, हाती घेतलेली पदवी पूर्ण करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेने दूरशिक्षणातून मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. जी पात्रता पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला वर्गात बसून मिळते, ती आपण दुकान, शेत आणि घर सांभाळून मिळवत आहात.

दुसरे असे की, मराठीचा हा अभ्यास गाण्यापासून वेगळा समजू नये. नाट्यपद हे प्रथम काव्य असते. ते कोण म्हणते, कोणाला उद्देशून म्हणते, कोणत्या प्रसंगी म्हणते, वृत्त कोठे थांबते आणि अर्थ कोठे थांबतो, हे न समजता गायलेले पद सुरेल होईल, पण नाट्यपद होणार नाही. चाचणीत एखादे पद म्हटल्यावर ‘या ओळीत ही व्यक्ती काय मागते आहे?’ असे विचारले गेले, तर उत्तर गळा देत नाही. ते आपण या अभ्यासक्रमात शिकलेले वाचन देते.

तिसरे असे की, आपल्या अनुभवाची नोंद ठेवावी. कोणत्या नाटकात, भारुडात किंवा एकांकिकेत कोणते काम केले, केव्हा आणि कोठे केले, यांची तारखेनिशी वही करावी. आयोजकांचे पत्र, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे जपावीत. गावाकडचा कलावंत आयुष्यभर काम करतो आणि अर्जाच्या रकान्यात लिहिण्यासारखे त्याच्याजवळ काही उरत नाही. ही उणीव त्याच्या कलेची नसून कागदाची असते आणि ती आपल्याला भरून काढता येते.

वयाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. काही संस्थांना वयोमर्यादा असते आणि आपल्यापैकी काहींनी ती ओलांडली असेल. ते दार बंद झाले आहे, हे मान्य करावे. पण सारीच दारे बंद झाली, असे समजू नये. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी केली. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांनी केली, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. अर्थात नोकरीच्या त्या वर्षांत त्यांचे गाणे थांबलेले नव्हते, हेही विसरू नये.

पुन्हा त्या विद्यार्थिनीकडे येऊ. तिला कोणी ‘टक्के किती?’ असे विचारले, तर तिने संकोचाने मान खाली घालू नये आणि ‘टक्क्यांना काय करायचे?’ असे उद्धट उत्तरही देऊ नये. आपली पदवी कोणत्या दारापर्यंत नेते आणि त्या दारातून आत जाण्यासाठी काय तयार ठेवावे लागते, हे तिला ठाऊक असावे. यंदाच्या सप्ताहात ती गौळण म्हणेलच. त्याआधी तिने अनुभवाची वही उघडावी आणि पहिल्या पानावर मागच्या सप्ताहाची तारीख लिहावी.